तिच्या शेजारची मोकळी चौकट

मी काय काम करते हे समजावून सांगताना माझ्या नाकी नऊ येतात. डिचोलीजवळ मुळगावात आमच्या शेजारच्या बायका विचारतात, दिवसभर त्या लॅपटॉपसमोर बसून तू नेमकं करतेस काय? मी म्हणते, वेबसाइट सगळीकडे सारखी दिसते की नाही ते बघते. त्या म्हणतात, एकच तर वेबसाइट, ती सारखीच दिसणार. इथे माझं डोकं फिरतं. पान एकच असतं, पण प्रत्येक ब्राउझर ते आपापल्या अकलेने वाचतो. चित्र कुठे बसवायचं, मजकूर त्याच्या कुठल्या बाजूला, मध्ये किती अंतर, अशा सूचना पानासोबत लिहून द्याव्या लागतात. त्या सूचनांना CSS म्हणतात. नव्या ब्राउझरला नव्या सूचना कळतात, जुन्याला कळत नाहीत. आणि न कळलेली सूचना तो सरळ सोडून देतो. तक्रार नाही, विचारणं नाही, लग्नघरातले कानाने अधू झालेले आजोबा कसे मान डोलावून आपल्या जागी बसून राहतात, तसं.

असली तफावत मला सहन होत नाही. एका फोनवर ओळीत बसलेलं पान दुसऱ्यावर वाकडं दिसलं की मला जेवण गोड लागत नाही. घरचे म्हणतात हा कामाचा भाग नाही, हा तुझा स्वभाव आहे. असेल. पण केरीच्या त्या पानानंतर, सगळीकडे सगळं सारखं दिसलं पाहिजे असं मी पूर्वीच्या जोरात म्हणत नाही.

केरीचं घर माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचं. गोव्याच्या उत्तर टोकाला, किनाऱ्यापासून थोडं आत, माडांत. तिच्या आईवडिलांनी मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली, तेव्हा वेबसाइट मी करून दिली. महागाचं काही नव्हतं. तयार साचे मिळतात, त्यातला एक घेतला. अशा साच्यात आतल्या रचनेला हात लावता येत नाही, वरून सूचना लिहायला फक्त CSSचा एक रकाना मिळतो. पानाच्या मध्यावर ‘तुमचं स्वागत करणारे’ असं लिहून एका ओळीत चार चौकटी ठेवल्या. पहिल्या चौकटीत काकी, म्हणजे मैत्रिणीची आई. दुसऱ्या चौकटीत काका. तिसरीत त्यांचा पिवळा कुत्रा. चौथीत कोणाला बसवावं सुचेना, म्हणून मासळीचं ताट.

फोटो मीच काढले होते. काकी नवं लुगडं नेसून, हात मांडीवर ठेवून, शाळेत फोटो काढतात तशा बसल्या. काकांनी मात्र मला रडवलं. ते कॅमेऱ्याकडे बघेचनात. इकडे बघा म्हटलं की हसत आणि बायकोकडे बघत. शेवटी मी हात टेकले आणि तसाच फोटो लावला. पानावर तो छान बसला, कारण काकींची चौकट नेमकी त्याच बाजूला होती. काका आपल्या चौकटीतून शेजारच्या चौकटीत बघताहेत असं दिसायचं. पाहुण्यांना ते फार आवडायचं.

मग एका सकाळी काका होडी घेऊन तेरेखोलच्या मुखातून बाहेर पडले ते परत आले नाहीत. होडी पलीकडे रेडीच्या बाजूला मिळाली, जाळं आतच होतं. काका मिळाले नाहीत. सगळ्या किनाऱ्यावर शोध झाला, मालवणपर्यंत निरोप गेले. काही हाती लागलं नाही.

घरात मयत झालं असं कोणी म्हणू शकत नव्हतं, आणि नाही असंही. काकी कुंकू लावत राहिल्या. काकांच्या वाटचा उंडा, म्हणजे गोल पाव, दारावर येणाऱ्या पोदेराकडून रोज घेतला जायचा आणि संध्याकाळी कुत्र्याला घातला जायचा. पाहुणे येणं मात्र थांबलं नाही, ते महिनोन्‌महिने आधीच खोली ठरवून ठेवतात. ते वेबसाइटवर चेहरा बघून यायचे आणि सोप्यावर पाय ठेवताच विचारायचे, अंकल कुठे आहेत, होडीतून फिरवणार होते ना? काकींना प्रत्येक वेळी तेच सांगावं लागायचं. मैत्रीण पर्वरीला नोकरी करते, तिच्या कानावर हे गेलं तेव्हा तिने मला फोन केला. बाबांचा फोटो पानावरून काढ, असं म्हणेल असं मला वाटलं होतं.

“बाबांक पुसू नको गो,” ती म्हणाली. “नुसते लपय. आयले जाल्यार?”

आले तर. मी त्या रकान्यात एक नवी सूचना लिहिली. ज्या चौकटीत अमुक फोटो आहे ती चौकट लपव, असं सांगणारी ही पद्धत अलीकडची आहे, सोयीची आहे, आणि मला सोयीचं आवडतं. पान पुन्हा उघडलं. काका नव्हते. बाकीच्या तीन चौकटी सरकून नीट ओळीत बसल्या होत्या. फोटो आत कुठेतरी जपलेला होता, ती एक ओळ पुसली की परत आला असता. काम झालं म्हणून मी लॅपटॉप मिटला आणि कपडे वाळत घालायला गेले.

पावसाळा सरत आला तेव्हा मैत्रिणीचा पुन्हा फोन आला. आवाज बसलेला होता. भटजींनी सांगितलं होतं की अशा वेळी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, म्हणजे गेलेल्याला वाट मिळते. चुलते तयार होते, दिवस बघायचा होता. काकी ऐकेनात. कारण विचारलं तर त्या म्हणाल्या, हे अजून दिसतात. मैत्रिणीच्या तोंडचं पाणी पळालं. तिला वाटलं आईला भास व्हायला लागले. मग काकींनी आपला टॅब पुढे केला. त्यावर घराचं पान उघडलेलं होतं आणि दुसऱ्या चौकटीत काका होते, बायकोकडे बघत. मैत्रिणीने आपल्या फोनवर तेच पान उघडलं. फोनवर काका नव्हते.

तिने मला हे सांगितलं तेव्हा काय झालंय ते मला तत्काळ कळलं. तो टॅब जुना होता. त्याच्या ब्राउझरला माझी नवी सूचना कळलीच नव्हती. त्याने ती सोडून दिली होती आणि काका जिथे होते तिथेच ठेवले होते. माझ्या कामात रोज होणारी गोष्ट. मी मैत्रिणीला हसत म्हणाले, काही नाही, पाच मिनिटांचं काम आहे. ती म्हणाली, मग गुपचूप कर, आईला कळू देऊ नकोस, एक दिवस ती टॅब उघडेल आणि बाबा नसतील, मग ती आपोआप तयार होईल. फोन ठेवल्यावर मला ते हसणं नको होतं असं वाटलं.

माझ्याकडे एक खण भरून जुने फोन आहेत. लोक टाकून देतात ते मी मागून घेते. पान कुठल्या जुन्या यंत्रावर कसं दिसतं ते बघायला दुसरा चांगला मार्ग नाही. त्या दुपारी मी खोलीचं जनेल लावून घेतलं, रस्त्यावरून खनिजाचे ट्रक जात होते आणि लाल धूळ सगळीकडे बसते म्हणून. फोन चार्जिंगला लावले, मेजावर मांडले आणि एकेकावर केरीचं पान उघडत गेले. पहिल्यावर काका नाहीत. दुसऱ्यावर नाहीत. तिसरा फोन जरा वेळ अडखळला, आधी काकी आल्या, मग त्यांच्या शेजारची चौकट पांढरी राहिली, आणि त्या पांढऱ्यात हळूहळू वरून खाली काका उतरले. आधी केस, मग कपाळ, मग ते वळलेले डोळे.

मी हाच फोटो शंभरदा बघितला असेल. तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता मी तो फोन जरा लांब सरकवला. पुढच्या फोनवर ते नव्हते, त्याच्या पुढच्यावर पुन्हा होते. मेजावर असे फोन पसरलेले, आणि हा माणूस काहींत आहे, काहींत नाही. कोणी विचारलं असतं की ह्यातलं खरं पान कुठलं, तर मला सांगता आलं नसतं. समोर भिंतीवर माझीच सावली हलली तरी मी दचकत होते. शेवटी मी सगळे फोन पालथे घातले.

दुरुस्ती सोपी होती. फोटोवरून चौकट ओळखण्याऐवजी जागेवरून ओळखायची. ओळीतली दुसरी चौकट लपव, एवढंच सांगायचं. ही भाषा अगदी जुन्या ब्राउझरलाही कळते. मी ओळ लिहिली. बटण दाबायचं तेवढं राहिलं होतं, आणि माझं बोट पुढे जाईना. मुळगावात बसून मी बटण दाबणार आणि तिकडे केरीला एका बाईच्या हातातून तिचा नवरा जाणार. समुद्राने एकदा न सांगता नेलाच होता. मी पुन्हा तेच करायचं? मला भीती वाटली, आणि रागही आला, मैत्रिणीचा, माझा, त्या टॅबचा. मैत्रिणीला कळवलं की मी स्वतः केरीला जाऊन, काकींना विचारून करीन. ती चिडली. मग रडली. मग म्हणाली, जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोलवाळचा पूल ओलांडून, पेडण्याहून पुढे मी स्कूटरवरून गेले. वाटभर काकींना काय सांगायचं ते जुळवत होते. ब्राउझर म्हणजे काय, जुना म्हणजे काय, सूचना न कळणं म्हणजे काय. काका दिसतात ते त्यांचा तुमच्यावर जीव आहे म्हणून नव्हे, टॅब जुना आहे म्हणून, हे तोंडावर कसं सांगायचं ते काही जुळेना.

काकी सोप्यावर बसून कोलीम, म्हणजे बारीक जवळा, निवडत होत्या. कपाळावर कुंकू होतं. त्यांनी मला चहा दिला, माझ्या घरच्यांची विचारपूस केली आणि मी बोलायच्या आधीच आतून टॅब आणून माझ्यासमोर ठेवला. एका कोपऱ्यात काच तडकलेली होती, कडांवर खाऱ्या हवेने पांढरा थर साचलेला. टॅब काकांचाच होता, हे मला तेव्हा कळलं. ते त्यावर वारा आणि भरती-ओहोटी बघायचे. एकदा कोणीतरी तो अद्ययावत करून दिला आणि वाऱ्याची चित्रं बदलली, तेव्हापासून त्यांनी त्याला कोणाला हात लावू दिला नव्हता. म्हणजे त्या पानावर काका टिकून राहिले होते ते स्वतःच्याच हट्टाने.

मी सुरुवात केली की काकी, हे जे दिसतं ना. त्यांनी मला हाताने थांबवलं.

“माका खबर आसा गो,” त्या म्हणाल्या. “मशीन जुना म्हणान हे हय दिसतत. माका खूळ लागूक ना.”

एवढी जुळवाजुळव करून आले होते आणि ती सगळी फुकट गेली. मग विधीला तयार का होत नाही, असं मी विचारलं. त्यांनी टॅब बाजूला ठेवला. मला म्हणाल्या, तुझ्या फोनवर पान उघड. मी उघडलं. पानावर माझ्या बाजूला कोण आहे, त्यांनी विचारलं. मी बघितलं. काकांची चौकट गेल्यावर बाकीच्या सरकल्या होत्या, हे मला माहीत होतं, मीच ते नीट बसलंय म्हणून लॅपटॉप मिटला होता. काकींच्या शेजारी कुत्रा होता.

“ह्यांका लपयलात ता मी समजतंय,” त्या म्हणाल्या. “पण जागो कित्याक काडलात?”

जागा का काढली, एवढंच विचारून त्यांनी मला घराच्या मागच्या बाजूला नेलं. मागे चिऱ्यांचं कुंपण आहे, छातीएवढं. त्यात एका जागी माणूस जाईल एवढी मोकळी फट आहे, तिला फाटक नाही. पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या तेव्हा बेळगावहून आलेल्या गवंड्याला वाटलं की काम अर्धवट राहिलंय. बिचाऱ्याने दुपारच्या वेळात, कोणी न सांगता, चिरे लावून ती बुजवून टाकली. वर गिलावाही गुळगुळीत केला. काका समुद्रावरून आले आणि त्यांनी हातातली माशांची पाटीसुद्धा खाली न ठेवता त्याला ते सगळं काढायला लावलं. ती गावच्या राखणदाराची वाट आहे. तो रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो, हातात काठी, पायात वहाणा. तो दिसत नाही. कोणी बघितलेला नाही. पण त्याची वाट अडवायची नसते, म्हणून पेडणे तालुक्यात कितीतरी घरांनी कुंपणात, अंगणात अशी जागा सोडलेली आहे. गवंड्याला वाईट वाटलं होतं. त्याने चांगल्याच बुद्धीने केलं होतं, काकी म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघितलं.

आम्ही सोप्यावर परत आलो. काकी खाली बसल्या आणि कोलीम बाजूला सारली. काका परत येणार नाहीत हे त्यांना होडी मिळाली त्याच दिवशी कळलं होतं, असं त्या म्हणाल्या. पण पाहुण्यांच्या फोनवर आपल्या शेजारी कुत्रा बघितल्यापासून त्यांचा जीव टांगणीला लागला होता. विधी झाला की घरातही असंच होणार. खाटेवर कोणीतरी उशा रचणार, खुंटीवर कोणीतरी छत्री अडकवणार, आणि हा माणूस कुठे होता तेही कोणाला सांगता येणार नाही. म्हणून त्यांनी टॅब धरून ठेवला होता.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला मी लॅपटॉप उघडला. CSSमध्ये एखादी गोष्ट घालवायचे दोन मार्ग आहेत, आणि हे मी शिकले त्या पहिल्या आठवड्यातच शिकले होते. एका मार्गात ती गोष्ट जाते आणि तिची जागाही जाते, शेजारचे सरकून बसतात. दुसऱ्या मार्गात ती दिसत नाही, पण तिची जागा तेवढीच, तिथेच राहते. कोणी तिथे सरकू शकत नाही. आम्ही शक्यतो पहिला मार्ग वापरतो, कारण दुसऱ्याने पान मोडल्यासारखं दिसतं. मी काकींना हे सांगितलं. असं ठेवलं तर लोकांना वाटेल काहीतरी बिघडलंय, हेही सांगितलं.

“वाटूंदे,” काकी म्हणाल्या.

मी जुनी ओळ पुसली. नवी लिहिली, जुन्यातल्या जुन्या ब्राउझरला कळेल अशी. काकींनी विचारलं, बटण कोण दाबणार? मी म्हणाले, माझं बटण मी दाबते, पण टॅबवर पान परत उघडाल तेव्हाच ते जातील. तोवर राहतील. त्यांनी मान हलवली. मी बटण दाबलं.

त्यांनी टॅब मांडीवर घेतला. पदराने काच पुसली. बराच वेळ त्या नुसत्या बघत होत्या, आणि मी कुत्र्याकडे बघत होते. मग त्यांनी बोटाने पान खाली ओढलं. वर छोटं चक्र फिरलं. काकी आल्या, मोकळी जागा आली, जागेपलीकडे कुत्रा आला आणि मग मासळीचं ताट. पूर्वी काकांच्या चौकटीवर बोट ठेवलं की फोटो मोठा होऊन उघडायचा. काकींनी त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. काही उघडलं नाही. त्यांनी बोट तसंच ठेवलं.

“भटाक सांगा,” त्या म्हणाल्या.

विधीला मी गेले नाही. मैत्रिणीने नंतर सांगितलं की दर्भाचा पुतळा अगदी लहानसा होता, आणि आई रडली नाही, चुलते रडले. मी त्यानंतर काकींना भेटले तेव्हा त्यांच्या कपाळाकडे बघायचं मी टाळलं आणि ते त्यांच्या लक्षात आलं.

पानाबद्दल तक्रारी येतात. पाहुणे लिहितात, तुमचं एक चित्र उघडत नाही. मी ज्यांच्यासाठी काम करते त्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने ते पान बघून मला विचारलं, हे तुझ्या नजरेतून कसं सुटलं? मी म्हणाले, बघते. खणातले जुने फोन मी अजून काढते, मेजावर मांडते आणि एकेकावर ते पान उघडते. प्रत्येकावर काकी येतात, मग पांढरी जागा येते, आणि मी थांबते. त्या जागेत वरून खाली कोणी उतरायला लागेल असं मला दर वेळी वाटतं. कोणी उतरत नाही. हायसं वाटतं आणि वाईटही वाटतं.

मागे साचा बनवणाऱ्यांनी त्यात काही सुधारणा केली. छोट्या पडद्यावर रिकाम्या चौकटी आपोआप मिटवून घ्यायच्या, अशी सोय. मला त्याचा पत्ता नव्हता. मी डिचोलीच्या बाजारात होते, भाजीच्या पिशव्या हातात, आणि काकींचा फोन आला. त्या कधी फोन करत नाहीत. त्यांनी पाहुण्याच्या फोनवर पान बघितलं होतं. जागा मिटली, एवढंच त्या म्हणाल्या. आवाज असा होता की मी पिशव्या तिथेच एका दुकानाच्या पायरीवर टाकल्या, पाठीवरच्या बॅगेतून लॅपटॉप काढला आणि बसले. लोक माझ्या अंगावरून चढत उतरत होते. त्या चौकटीला कमीत कमी इतकी उंची, इतकी रुंदी असलीच पाहिजे, कोणी काही म्हटलं तरी, असं मी लिहिलं आणि बटण दाबलं. काकी फोनवरच होत्या. पान परत उघडा, मी म्हणाले. त्यांनी पाहुण्याला उघडायला सांगितलं. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

“आता कसं दिसतंय, काकी?” मी विचारलं.

“हे दिसनात,” त्या म्हणाल्या. “जागो आसा.”